घरात मुरलेला डिझेलचा वास

वरूड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात फवारणीच्या दिवसांत पेट्रोल-डिझेलच्या कॅन सर्रास घरातच ठेवल्या जातात. एखादी कलंडली, की वास पिच्छा सोडत नाही. पेट्रोल लवकर उडून जातं. डिझेल सावकाश उडतं, म्हणून ते फरशीच्या सांध्यांत मुरून बसतं.

आधी दारं-खिडक्या उघडा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते. तेव्हा शेगडी, देवापुढची समई पेटवू नका. पंख्याचं बटणही दाबू नका, ठिणगी पुरते. सांडलेल्यावर कोरडी माती टाका, तिनं तेल शोषलं की झाडून घराबाहेर न्या. मग भांड्यांचा साबण कोमट पाण्यात कालवून फरशी घासा. साबणाचा रेणू एका टोकानं तेल धरतो, दुसऱ्यानं पाणी. ते पाणी मात्र विहिरीकडे जाऊ देऊ नका. उरलासुरला वास सक्रिय कोळसा आपल्या बारीक छिद्रांत धरून ठेवतो.

संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन तेल विरघळवतं, हे खरं. पण तेही पेट घेतं. आणि ब्लीचिंग पावडर इंधनावर कधीच टाकू नका, तिनं आग लागू शकते. भिजलेली फडकी कोपऱ्यात कोंबू नका, बाहेर मोकळी पसरून वाळवा.