मध्ये पडा, पण कोणाच्या बाजूने ते आधी ठरवा



 अध्यक्ष म्हणून आता जे बोलणार आहे ते अनेकांना रुचणार नाही.

सकाळपासून या व्यासपीठावर एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू आलं: नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये. हे वाक्य खोटं आहे. आपण पडतो, दरवेळी पडतो. मुलगी मार खाऊन माहेरी आली की आठवड्याच्या आत सांगावा येतो. कुणाच्या तरी ओसरीवर सतरंजी अंथरली जाते. दोन्हीकडचे मामा येतात, आपल्या समाज-मंडळाचे पदाधिकारी येतात, एखादा पुढारी येतो. ती आतल्या दाराशी, आईच्या पाठीमागे. तिला एकच विचारतात, ‘नांदायचंय ना?’ कशाने मारलं, कुठे मारलं, पोटात मूल होतं का, हे विचारायला कुणाची जीभ रेटत नाही. स्टँपपेपरवर ‘यापुढे त्रास देणार नाही’ असं त्याच्याकडून लिहून घेतात. चहा होतो. संध्याकाळच्या एसटीने ती सासरी. तो कागद कुणाच्या तरी कपाटात पडून राहतो आणि पुन्हा हात उगारला गेला तरी तो काढून जाब विचारायला एकही पंच जात नाही.

याला मध्ये पडणं नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? सगळा समाज एका माणसाच्या पाठीशी उभा राहतो, आणि तो माणूस मारणारा असतो.

2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असं दिसलं की शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी 77 टक्के जणींनी ना मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. मदत मागितली ती फक्त 14 टक्के जणींनी. बायका भित्र्या असतात, असं त्यावर म्हटलं जातं. मला ते मान्य नाही. या बायकांनी ओसरीवरच्या बैठका पाहिलेल्या असतात. थोरल्या बहिणीला कसं परत धाडलं, तेही पाहिलेलं असतं. त्यांचं गप्प बसणं म्हणजे त्यांनी तुमच्या-माझ्याविषयी पूर्ण विचारांती काढलेला निष्कर्ष आहे. आणि याच पाहणीत 45 टक्के बायका आणि 44 टक्के पुरुष म्हणतात की काही कारणांसाठी नवऱ्याने बायकोला मारलं तर योग्यच! म्हणजे रोग एखाद्या तापट माणसाच्या डोक्यात बसलेला नाही, तो आपल्या सगळ्यांच्या संमतीत आहे.

समुदाय मानसशास्त्र हेच सांगतं. मारणाऱ्याचा राग आणि मार खाणारीचं समुपदेशन एवढ्यावर थांबू नका; त्या घराभोवतीची माणसं बघा. हात उगारणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की शेजारी टीव्हीचा आवाज वाढवतील. युगांडातल्या कंपाला शहरात ‘सासा’ नावाच्या उपक्रमाने नेमक्या या शेजाऱ्यांना हाताशी धरलं. वस्तीतलेच साधे स्त्री-पुरुष तयार केले, पोलीस, आरोग्यसेवक आणि स्थानिक पुढारी जोडले, आणि घरातली सत्ता कोण कशी वापरतो यावर वर्षानुवर्षं बोलत राहिले. 2014 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: या वस्त्यांत जोडीदाराकडून होणारी मारहाण तुलनेसाठी घेतलेल्या वस्त्यांपेक्षा 52 टक्क्यांनी कमी होती. इतक्या दूर जायचं नसेल, तर वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात जा. महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने तिथे 2000 साली ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. ‘जिन्यावरून पडले’ असं सांगणारीला पट्टी बांधून वाटेला न लावता, घरी काय घडतंय हे विचारायला तिथल्या परिचारिका शिकल्या. परिचारिका विचारू शकते, मग मावशी का विचारत नाही?

मध्ये पडलं तर अडकू, अशी कायद्याची भीती घालू नका. 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला खबर देऊ शकतो, आणि सद्हेतूने खबर देणाऱ्यावर कारवाई होत नाही. तिला राहत्या घरातून बेकायदा हाकलता येत नाही, घर तिच्या नावावर नसलं तरी. हे कलम आपल्या किती पंचांना ठाऊक आहे?

‘रूढी एका दिवसात बदलत नाहीत’ हेही पुरे झालं. मे 2022मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवेचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, असा ठराव केला. आपल्यासारखीच माणसं होती ती.

आता आपल्या मंडळाकडे येते. आपण वधू-वर सूची छापतो. तीत पगार असतो, पत्रिका असते, मुलीचा रंगही असतो. पहिल्या बायकोला मारून घालवलेल्या मुलाचं नाव ‘घटस्फोटित, निर्व्यसनी’ म्हणून पुन्हा छापलं जातं, आणि ते छापणाऱ्या समितीत तिची बैठक घेणारेच पंच असतात. हे आम्हां बायकांना ठाऊक आहे, आणि यापुढे आम्ही ते चालू देणार नाही.

म्हणून ठराव मांडते. मंडळाचा एकही पदाधिकारी मारहाणीच्या प्रकरणात तडजोडीच्या बैठकीला बसणार नाही. तो त्या बाईबरोबर दवाखान्यात, संरक्षण अधिकाऱ्याकडे आणि ती म्हणेल तर पोलिसांत जाईल. मारल्याची तक्रार असलेल्याचं नाव पूर्ण चौकशी झाल्याशिवाय सूचीत येणार नाही, आणि ती चौकशी करणाऱ्यांत निम्म्या बायका असतील. जेवणाच्या सुट्टीआधी यावर मतदान घ्यावं. विरोध असेल त्यांनी उभं राहून नाव सांगावं. चिटणीसांनी ते इतिवृत्तात लिहून घ्यावं.