परदेशातील दुखणे आणि घरची खबर

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



परदेशी राहून आलेल्या ज्ञातिबांधवांनी आपल्या अनुभवाचे दोन शब्द सांगावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. तिकडील वैभवाच्या गोष्टी सांगणारे पुष्कळ आहेत. आम्ही एका दुखण्याची गोष्ट सांगणार आहोत.

सन २००५ च्या जुलैमध्ये आम्ही नोकरीनिमित्त लंडनला होतो, बिऱ्हाडी एकटेच. ७ जुलै रोजी तेथील भुयारी रेल्वेत व एका बसमध्ये स्फोट होऊन ५२ निरपराध माणसे प्राणांस मुकली. त्या दिवशी कलिन्याच्या घरी आमच्या मातुःश्रींनी देव पाण्यात ठेवले होते. आमचा फोन लागेपर्यंत त्यांनी अन्नास स्पर्श केला नाही. पुढे पंधरा दिवसांतच आम्हांस न्यूमोनिया झाला. ताप उतरेना, धाप लागू लागली. तेव्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागले. घरी मात्र "थोडे पडसे झाले आहे" इतकेच कळवले. आधीच धास्तावलेल्या जिवास आणखी घोर कशाला, असा आमचा हिशेब.

२६ जुलै रोजी मुंबईत पावसाने कहर केला. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ३७ इंच पाऊस कोसळला. मिठी नदी फुगली, लोकलगाड्या बंद पडल्या, विमानतळही बंद झाला. रुग्णालयातील दूरदर्शनसंचावर छातीभर पाण्यातून चालणारी माणसे दिसत होती. लंडनची उन्हाळ्यातील लांब संध्याकाळ खिडकीत रेंगाळत होती, तेव्हा इकडे मध्यरात्र झालेली, उपनगरांतील वीज गेलेली. हाताला सलाइनची नळी असताना आम्ही पुनःपुन्हा उठून बसत होतो. फोन काही लागेना. शहराची बातमी मिळत होती. घराची खबर मिळत नव्हती. त्याच दिवशी कुलाब्यास अवघा ७३ मिलिमीटर पाऊस झाला होता. शहर एकच, पण कोणाचे घर बुडाले आणि कोणाचे कोरडे राहिले, हे बातमीवरून कसे कळावे?

गुरुवारी फोन लागला. "आई, घरात पाणी आले का?" "छे रे, अंगणापर्यंत आले नि ओसरले. तुझे पडसे कसे आहे?" "बरे आहे." उभयतांनी एकमेकांस खोटे सांगितले, आणि उभयतांस ते थोडेसे कळलेही.

त्याच गुरुवारी रात्री जुहूच्या नेहरूनगर वस्तीत पाण्याचा लोंढा येत असल्याची अफवा पसरली आणि चेंगराचेंगरीत माणसे मेली. खरी खबर नसली, की तिच्या जागी भय येऊन बसते. मग ती वस्ती असो वा रुग्णशय्या.

सप्टेंबरात आम्ही परतलो. भिंतीवर कमरेइतक्या उंचीवर चिखलाची रेघ होती. वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांनी मातुःश्रींस दोन रात्री आपल्या घरी ठेवून घेतले होते. ते आपल्या ज्ञातीचे नव्हते, हेही येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. मातुःश्रींनी आमच्या अंगावरचा सैल झालेला सदरा पाहिला आणि एवढेच म्हणाल्या, "तू खरे सांगितले असतेस, तर मीही सांगितले असते."

याहून खेदाची गोष्ट पुढील वर्षी याच मेळाव्यात कळली. लंडनमध्ये आमच्या बिऱ्हाडापासून दोन मैलांवर आपल्याच ज्ञातीचे एक कुटुंब राहत होते. आणि त्या गृहस्थांचे बंधू २७ जुलै रोजी आमच्याच गल्लीतून दूध-पाव वाटत गेले होते. त्यांना आमचे घर ठाऊक नव्हते, आम्हांस त्यांचे नाव ठाऊक नव्हते.

आता फोनवर चेहराही दिसतो. परंतु चेहऱ्यामागची भिंत दाखवायची की नाही, हे माणसाच्याच हाती राहते. २०२० व २०२१ मधील कोरोनाच्या साथीत विमाने बंद असताना कित्येक घरांनी हेच पुन्हा भोगले.

म्हणून मंडळास आमची नम्र विनंती आहे, की परदेशस्थ कुटुंबांची आणि त्यांच्या येथील वडीलधाऱ्यांची एक नोंदवही ठेवावी. जवळ राहणाऱ्या एका तरी कुटुंबाचे नाव प्रत्येकापुढे असावे. आणि आपण सर्वांनी घरातील निदान एका माणसास तरी खरे सांगण्याचा नेम करावा. काळजी लपवल्याने कमी होत नाही. ती दोन्हीकडे एकेकट्याने वाहावी लागते.