जनरेटर रुसला तेव्हा

आज पापड-लोणच्यांबद्दल नाही, आमच्या जनरेटरबद्दल बोलणार आहोत.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आले, तेव्हा आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांत वीज गेली होती. त्यानंतर आम्ही बचतीतून पेट्रोलवर चालणारा छोटा जनरेटर घेतला. वीज गेली म्हणून वाटण अडू नये, एवढाच हेतू.

गेल्या पावसाळ्यात साखरपुड्याच्या दीडशे पानांची ऑर्डर होती. पहाटे चारला वीज गेली. जनरेटर अंगणात काढला, दोरी ओढली. एकदा, दहादा, वीसदा. हात भरून आले, पण तो काही बोलेना. एक म्हणाली चोक लावा, दुसरी म्हणाली काढा. इकडे खवलेला नारळ तसाच पडून.

तेवढ्यात आमच्यातल्या एकीचे मिस्टर रात्रपाळी करून आले. ते बोईसरच्या एमआयडीसीत फिटर आहेत. म्हणाले, "वहिनी, दोरी सोडा. क्रमाने बघू. तेल, पेट्रोल, हवा, ठिणगी."

आधी इंजिन ऑइल बघितले. कमी होते. तेल कमी असले की पुष्कळ जनरेटरांतला सेन्सर इंजिन सुरूच होऊ देत नाही. मशीन उतारावर तिरके ठेवले तरी तो फसतो. आमचे दोन्ही चुकले होते. तेल भरले, मशीन सपाट फरशीवर घेतले. तरी नाही.

मग सातपाटीच्या माहेरवाशीण मावशी पुढे आल्या. त्यांचे लहानपण होडीच्या इंजिनाशेजारी गेलेले. टाकीचे झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, "पेट्रोल शिळं झालंय गो!" शिमग्यापासून तेच पेट्रोल टाकीत होते. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते ओलावा ओढून घेते, आणि आपली हवा समुद्राची. जुने पेट्रोल काढून ताजे भरले, एअर फिल्टर झटकला, प्लग काढून काजळी पुसली.

इंजिन सुरू झाले! पण चोक काढला की बंद. दादा म्हणाले, "चोकवरच चालतं म्हणजे पेट्रोल पुरेसं पोचत नाही. कार्बोरेटरचा जेट चोंदलाय." पेट्रोलचा कॉक बंद करून त्यांनी खालची वाटी उघडली. आत चिकट पिवळा थर होता. जेट स्प्रेने साफ केला. आम्ही टाचणी पुढे केली, तर नको म्हणाले, छिद्र मोठे होते. सहाच्या सुमारास मिक्सर फिरला.

आणि पावसाची सर आली. आम्ही सगळ्याच म्हणालो, पडवीत घेऊ. चार हात पुढेही झाले. तेव्हा दादा पहिल्यांदा ओरडले, "आत नाही!" जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, झोप येते आणि माणूस उठत नाही. पडवीतून तो घरातही शिरतो. आमच्या चुलीशेजारी तेव्हा दोन पोरे झोपली होती.

आम्ही इंजिन बंद केले. शेजारच्या मंडपवाल्याच्या मुलाने चार बांबू रोवून वर पत्रा टाकला, चारी बाजू मोकळ्या. दारे-खिडक्यांपासून लांब, धुराचे तोंड घराकडे नाही. मग पुन्हा सुरू केले. ऑर्डर अर्धा तास उशिरा गेली, पण गेली.

आता मशीनजवळ आमच्या अक्षरातला पुठ्ठा टांगला आहे. महिन्यातून एकदा चालवून बघायचे. बरेच दिवस लागणार नसेल तर पेट्रोल काढून ठेवायचे. गरम इंजिनात पेट्रोल ओतायचे नाही. दोन मिक्सर एकदम लावायचे नाहीत, मोटर सुरू होताना जास्त वीज ओढते. जनरेटरची वायर घरच्या सॉकेटमध्ये कधीच खुपसायची नाही, वीज उलटी खांबावर जाते आणि तिथे कोणाचा तरी मुलगा काम करत असतो. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात: आत नाही.

आता आमच्यापैकी कोणीही दोरी ओढते. पण आधी तेल बघते.