छायाचित्र द्यावे, हक्क राखावा
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



फोनमध्येच कॅमेरा आल्यापासून आपल्या मंडळात घरोघर छायाचित्रकार झाल्या आहेत. मासिकांकडे, दिवाळी अंकांकडे चित्रे पाठवण्याची हौसही वाढली आहे. ती वाढावीच, पण पाठवताना थोडी सावधगिरी हवी, म्हणून आज हा विषय घेतला.

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. जी छायाचित्र टिपते तिचाच त्यावर पहिला हक्क. कॅमेरा यजमानांचा, फोन मुलाचा, म्हणून चित्र त्यांचे होत नाही. नोंदणीचीही सक्ती नाही. मात्र पैसे घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेले छायाचित्र, वेगळा करार नसल्यास, काढवून घेणाऱ्याचे ठरते. म्हणजे लग्नाच्या फोटोंचे मालक बहुधा आपण, स्टुडिओवाले नव्हेत! हे पुष्कळ स्टुडिओवाल्यांनाही ठाऊक नसते.

देशातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. त्यांची सुरुवातीची छायाचित्रे यजमानांच्या नावाने छापली जात. बाईला ओळखतो कोण, असा तो काळ. पुढे २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. आता तसे सोसण्याचे कारण नाही. हक्क विकला तरी ही कृती माझी, असे सांगण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे आपलाच राहतो. तेव्हा 'चित्राखाली नाव छापावे' असे संपादकांना लिहायला संकोच कसला?

माझाच अनुभव सांगते. पापड वाळत घालणाऱ्या बायकांचे माझे एक चित्र एका मासिकाने छापले, थोडे मानधनही दिले. वर्षभराने वाण्याच्या दुकानात पाहते तो तेच चित्र मसाल्याच्या पाकिटावर! मासिकवाल्यांनी परस्पर देऊन टाकलेले. पण चित्रासोबतच्या माझ्या पत्रात 'फक्त एका अंकात, एकदाच छापण्यासाठी' असे स्वच्छ लिहिले होते आणि त्याची प्रत जपून ठेवली होती. ती दाखवताच कारखानदाराने निराळे पैसे दिले. किती, ते सांगत नाही. घरी अजून आकडा कळलेला नाही!

हक्क कायद्याने दुसऱ्याकडे जायला आपल्या सहीचा लेखी कागद लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षे धरतात. म्हणून सहीपूर्वी 'सर्व हक्क', 'कायमचे' हे शब्द कुठे दडलेत का, ते चष्मा लावून पाहावे. स्पर्धांच्या नियमांत तर हे शेवटच्या ओळीत, बारीक टाइपात असते. बक्षीस एकीला, आणि चित्रे सगळ्यांची घेऊन बसायचे, असला हा व्यवहार मला मुळीच पसंत नाही. निवड होईपर्यंत संपादकांना लहान आकाराची प्रत पाठवावी. मूळ फाईल आपल्यापाशीच ठेवावी.

पत्राचा नमुना मी कार्यवाहबाईंकडे दिला आहे. हवा असेल त्यांनी चहापानानंतर उतरवून घ्यावा.