यंत्राची ओळख : एकदा लिहावी, सर्वांनी वाचावी



स्मृतिव्याख्यानासाठी मी निवडलेला विषय प्रथमदर्शनी रुक्ष वाटेल. परंतु ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते आकृतीतील बिंदूंना नावे दिल्याखेरीज सिद्धतेला हात घालू देत नसत. नाव निश्चित नसेल तर पुढचे विधान निराधार ठरते, ही त्यांची शिकवण. आजचा विषय तिच्याच जवळचा आहे : यंत्राच्या अंतर्भागाला नावे कोणी द्यावीत, आणि ती कोणत्या रीतीने लिहून ठेवावीत?

वीजमीटर, धुलाई यंत्र, कारखान्यातील नियंत्रक यांच्या पोटात आज एक लहानसा संगणक असतो. त्याला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. त्याच्या स्मृतीतील काही पत्ते हे खरोखरीच्या स्मृतीचे नसतात. ती बटणांची फळी असते. तिला रजिस्टर हे नाव आहे. एका रजिस्टरमध्ये पुष्कळदा बत्तीस बिटे असतात. एक बिट कालमापक सुरू करते, दुसरे मोटारीचा प्रवाह तोडते. आज्ञावली केवळ एका पत्त्यावर एक संख्या लिहिते. तो पत्ता कोणता आणि त्यातील कोणते बिट कशासाठी, हे निर्मात्याच्या माहितीपुस्तिकेत असते. कित्येक चिपांची अशी पुस्तिका हजाराहून अधिक पानांची असते.

पुस्तिका माणसासाठी लिहिलेली असते. संकलक आणि डीबगर यांना ती वाचता येत नाही. म्हणून पूर्वी प्रत्येक साधनाचा कर्ता तीच पाने समोर घेऊन तेच पत्ते आपल्या फाइलींत स्वतंत्रपणे उतरवून घेई. एकाच रजिस्टरला एका साधनात एक नाव, तर दुसऱ्यात दुसरेच. साधन बदलले की आज्ञावलीही बदलावी लागे. शिवाय प्रत्येक नकलेबरोबर चुकीची एक नवी संधी निर्माण होई.

यावर उपाय एकच : वर्णन निर्मात्याने एकदाच लिहावे, ते यंत्रालाही वाचता यावे, आणि त्याचा साचा सर्वांना ठाऊक असावा. आर्म ही कंपनी प्रोसेसरचा आराखडा तयार करते. त्याभोवती चिपा घडवतात त्या अनेक वेगवेगळ्या कंपन्या. गाभा समान, परंतु भोवतीची उपकरणे भिन्न. हा पसारा आवरण्यासाठी आर्मने २००८ मध्ये सीएमएसआयएस हा संकेतसमूह पुढे आणला. पुढे त्यातच एसव्हीडी या वर्णन-फाइलीचा समावेश झाला. एक्सएमएलमध्ये लिहिलेल्या या फाइलीत चिपेतील उपकरणे, प्रत्येकाचा मूळ पत्ता, त्यातील रजिस्टरे, रजिस्टरातील बिटांचे गट आणि त्यांच्या मूल्यांचे अर्थ अशी उतरंड असते. दोन उपकरणे सारखी असतील तर दुसऱ्याच्या बाबतीत ‘पहिल्याप्रमाणे’ एवढा निर्देश पुरतो. डीबगर हीच फाइल वाचून पडद्यावर बिटांची नावे दाखवतो. रस्ट भाषेतील कार्यकर्ते तिच्यावरूनच आज्ञावलीचा पाया आपोआप घडवून घेतात.

हा काही पहिलाच प्रयत्न नव्हे. चिपांच्या जोडण्या तपासण्यासाठी लागणारी बीएसडीएल ही वर्णनभाषा १९९४ मध्ये आयईईईच्या मानकात आली. ओपन फर्मवेअरचे मानकही १९९४ चेच. ‘डिव्हाइस ट्री’चे मूळ त्यात आहे. लिनक्सच्या आर्म शाखेत प्रत्येक बोर्डाची माहिती मूळ आज्ञावलीतच लिहिली जाई, त्यामुळे पसारा अनावर झाला. २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. त्यानंतर डिव्हाइस ट्रीकडे वळण्याचा वेग वाढला, आणि २०१२ च्या अखेरीस आलेल्या लिनक्स ३.७ मध्ये एकच कर्नेल अनेक कुळांच्या आर्म चिपांवर चालवण्याची सोय झाली. चिपांचे भाग रचणाऱ्यांसाठी आयपी-एक्सअॅक्ट हे मानक २००९ मध्ये आयईईईने स्वीकारले. प्रत्येकाचे प्रयोजन वेगळे आहे. डिव्हाइस ट्री कोणते उपकरण कोठे आहे ते सांगते, परंतु त्याच्या प्रत्येक बिटाचा अर्थ सांगत नाही; एसव्हीडी बिटाचा अर्थ सांगते, परंतु बोर्डावर त्या चिपेला काय जोडले आहे हे तिला ठाऊक नसते.

येथे एक प्रश्न उभा राहतो. साचा ठरला म्हणजे काम संपले का? माझे उत्तर नकारार्थी आहे. एक उदाहरण देतो. तारेवरून आलेले अक्षर एका रजिस्टरमध्ये येऊन थांबते. कित्येक चिपांत ते रजिस्टर वाचले की ‘अक्षर आले आहे’ ही खूण पुसली जाते. आता डीबगरने पडद्यावर दाखवण्यासाठी ते रजिस्टर सहज वाचले, तर अक्षर डीबगरच्या हाती पडते आणि मूळ आज्ञावली त्याची वाट पाहत राहते. तपासणाऱ्याच्या नजरेनेच रोग निर्माण व्हावा, असा हा प्रकार. ‘वाचल्याने बदल होतो’ ही सूचना लिहिण्याची जागा एसव्हीडीत आहे. परंतु ती भरणे ऐच्छिक आहे. जागा रिकामी राहिली तरी फाइल नियमानुसार शुद्धच ठरते. व्याकरण शुद्ध असलेले वाक्य सत्य असतेच असे नाही.

दुसरा मुद्दा दुरुस्तीचा. निर्मात्यांनी दिलेल्या वर्णनांत चुका आढळतात. एसटीएम३२ चिपांसाठी जगभरचे स्वयंसेवक अशा चुका शोधून त्यांची दुरुस्तीपत्रे एकत्र ठेवत आले आहेत. त्यांचे श्रम स्तुत्य आहेत. तथापि त्या दुरुस्त्या मूळ फाइलीत पोहोचल्या नाहीत, तर पुढच्या माणसाला तीच चूक पुन्हा भेटते. म्हणून वर्णनाबरोबर तीन गोष्टी हव्यात : ते वापरण्याची आणि वाटण्याची मोकळीक, दुरुस्ती स्वीकारणारा कोणी जबाबदार माणूस, आणि प्रत्येक आवृत्तीची नोंद.

आपल्या घरांत मोडीतील जुनी दप्तरे आहेत. कागद शाबूत आहे, शाई शाबूत आहे; वाचणारा मात्र गावात मिळत नाही. यंत्रांवर ही वेळ फार लवकर येते. बेळगावच्या उद्यमबागेत एखादे यंत्र वीस वर्षे राबते. त्याचा नियंत्रक ज्या साधनाने घडवला ते साधन विकणारी कंपनी तितकी टिकेल, याची हमी कोण देणार? वर्णन खुल्या साच्यात असेल तर दुसऱ्या साधनाने ते यंत्र पुन्हा जिवंत करता येते. बंदिस्त असेल तर धडधाकट यंत्र भंगारात जाते, आणि ते दुरुस्त करू शकणारा तरुण हात चोळत बसतो.

येथील माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण अभियंते आहेत. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे : खरेदीच्या वेळी चिपेच्या किमतीबरोबर तिच्या वर्णनाच्या फाइलीचीही चौकशी करा. चूक सापडली तर ती स्वतःच्या संगणकापुरती दुरुस्त करून थांबू नका. मूळ ठिकाणी कळवा. ज्ञान लिहून ठेवणे हे अर्धे कर्तव्य. ते इतरांना वाचता येईल आणि सुधारता येईल अशा रीतीने लिहिणे हे पूर्ण कर्तव्य होय.