दारू, मेंदू आणि तौबा



दारू हराम आहे हे तुम्हांस सांगण्याची गरज नाही. मदरशातले लहान मूलही ते जाणते. तरीही ती काही घरांत शिरते आणि मग शंभर शपथा घेऊनही सुटत नाही. असे का व्हावे?

१९५४ साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथे ओल्ड्स व मिल्नर या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसविली. पिंजऱ्यातील दांडा दाबला की मेंदूच्या एका भागास विजेचा सौम्य स्पर्श होई. उंदीर तो दांडा तासाला शेकडो वेळा दाबू लागले! हा भाग आपल्यातही आहे. रोजा सोडताना पहिल्या खजुराची जी गोडी लागते, ती याच्याच कृपेने. तेथे डोपामीन नावाचे द्रव्य पाझरते आणि मेंदू धडा गिरवितो, 'हे पुन्हा कर.' दारू हीच कळ फसवून दाबते. रोज दाबली की आनंद उणावतो, ओढ मात्र वाढते. मनाला आवरणारा कपाळामागचा भाग तर पंचविशीपर्यंत पक्का होत नसतो. विद्यार्थ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

आता पालकांशी बोलतो. दारू मेंदूला गुंगी आणते, म्हणून रोज पिणाऱ्याचा मेंदू उलट बाजूने स्वतःला ताणून धरतो. दारू एकाएकी तोडली की गुंगी जाते, ताण तेवढा उरतो. हात कापतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत फेफरे येऊ शकते, पुढे भ्रम होतो, क्वचित प्राणही जातो. आणि आपण काय करतो? अब्रूपायी त्याला खोलीत कोंडतो, शपथ घालतो आणि शेजाऱ्यांस 'ताप आलाय' म्हणून सांगतो. तौबा जरूर करावी. परंतु वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. इलाज घेणे ही सुन्नतच आहे.

कर्जतहून घाट चढला की पुणे. तेथे डॉ. अनिता व अनिल अवचट या दांपत्याने १९८६ साली 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, पु. ल. देशपांडे यांनी त्यास आर्थिक हातभार लावला. व्यसनी माणूस हा रुग्ण आहे, असे मानूनच तेथे काम चालते.

डॉक्टर कोणतेही असोत, रोज किती, किती वर्षे आणि शेवटचा पेला केव्हा घेतला, हे त्यांना खरे सांगावे. औषधाचा हिशेब त्यावरच बसतो.