जमीन बी पाहिजे, तोंड बी पाहिजे

(देवगाव फाटा इथं दोन दिवसांचं शिबिर झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी केलेली ही मांडणी. ज्या गावांतून माणसं येऊ शकली नाहीत त्यांच्यासाठी इथं देत आहोत. गावात बैठक घेऊन मोठ्यानं वाचावी.)



काल रात्री जेवणं झाल्यावर इथं वाद पेटला होता. सगळ्यांनी ऐकला नसेल म्हणून आधी तो सांगतो. आपल्यातला एक पोरगा म्हणाला, "चीन आपल्यासारखाच गरीब होता. आज कुठल्या कुठं गेला. तिथं एक हुकूम सुटला की काम होतं. आपल्याकडं नुसते मोर्चे अन् भाषणं. आपल्याला बी तसाच दांडा पाहिजे." यावर मागं बसलेली एक म्हातारी म्हणाली, "बाबा, बहात्तरला आमी खडी फोडली. काम द्या म्हणून तहसीलवर बसलो तवा काम भेटलं. तोंड बंद असतं तर तू जन्माला आला नसता."

दोघांचंही म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. म्हणून आज ठरलेला विषय बाजूला ठेवून आम्ही याच प्रश्नावर बोलणार आहोत. दोन देश, दोघंही गरीब, दोघंही शेतकऱ्यांचे. एक कुठं पोचला, दुसरा कुठं अडला, आणि त्यातून आपण जंगलातल्या आणि गायरानावरच्या माणसांनी काय घ्यायचं, एवढंच बघू.

आपला देश १९४७ साली स्वतंत्र झाला. आपण मराठवाड्याचे लोक त्यानंतरही निजामाच्या राज्यात होतो, ते १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. चीनमध्ये क्रांती झाली १९४९ साली. म्हणजे दोघांनी जवळपास एकाच वेळी चालायला सुरुवात केली. तेव्हा दोन्हीकडं माणसाचं सरासरी आयुष्य चाळीस वर्षांच्या आत होतं. दोन्हीकडं सावकार, दोन्हीकडं जमीनदार, दोन्हीकडं दुष्काळ. आपल्या सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली तिथल्या जखमी सैनिकांची सेवा करायला गेले आणि १९४२ साली तिथंच वारले. तेव्हा ते अवघे बत्तीस वर्षांचे होते. त्यांनी पाहिलेला चीन आपल्यापेक्षा सुखी नव्हता.

मग फरक कुठं पडला? पहिला फरक जमिनीत पडला.

चीननं १९५० साली जमीन सुधारणेचा कायदा केला आणि तो गावोगाव राबवला. तलाठ्याच्या दप्तरात ठेवला नाही. दोन-तीन वर्षांत सुमारे तीस कोटी भूमिहीन आणि थोड्या जमिनीच्या माणसांना साडेअकरा कोटी एकरांच्या आसपास जमीन वाटली गेली. हे काम गोडीगुलाबीनं झालं नाही. त्यात लाखो माणसं मारली गेली. ते लपवून आम्ही तुम्हाला अर्धी गोष्ट सांगणार नाही. पण जमीनदारी गेली, मुळासकट गेली.

आपल्याकडं काय झालं? कायदे आपल्याकडंही झाले. हैदराबाद राज्यात १९५० साली कूळकायदा आला. महाराष्ट्रात १९६१ साली कमाल जमिनीचा कायदा झाला. पुढं दुरुस्ती होऊन कोरडवाहू जमिनीची मर्यादा ५४ एकरांवर आली. पण ज्याच्याकडं दोनशे एकर होती त्यानं ती पोराच्या, पुतण्याच्या, सालगड्याच्या नावावर कागदावर वाटून टाकली. आदिवासीची गेलेली जमीन परत देण्याचा कायदा १९७५ साली लागू झाला. १९५७ ते १९७४ या काळात बिगरआदिवासीच्या हातात गेलेल्या जमिनी त्यात येतात. तुमच्या गावात अशा किती जमिनी गेल्या आणि किती परत आल्या, ते तुम्हीच बोटांवर मोजा. दोन्ही मोजायला एकच हात पुरतो का बघा.

आपल्याला नेहमी ऐकवतात, "लोक इतके वाढले, जमीन पुरणार कुठून?" आता हे ऐका. चीनची लोकसंख्या २०२३ पर्यंत आपल्यापेक्षा जास्त होती आणि लागवडीखालची जमीन आपल्यापेक्षा कमी. तिथं एका कुटुंबाच्या वाट्याला सरासरी दीड एकरसुद्धा येत नाही. तरी जवळपास प्रत्येक खेडुताच्या घराला तुकडा आहे. म्हणजे प्रश्न जमीन किती आहे एवढाच नाही. ती कुणाकडं आहे, हाही आहे.

दुसरा फरक शाळेत आणि दवाखान्यात पडला. चीननं गावातलीच शेतकऱ्याची पोरं-पोरी निवडली, त्यांना काही महिने शिकवलं आणि परत गावातच पाठवलं. लस टोचणं, बाळंतपण, हगवणीवर औषध, पिण्याचं पाणी स्वच्छ ठेवणं, हे त्यांचं काम. अनवाणी डॉक्टर असं त्यांना म्हणत. १९७० नंतर त्यांची संख्या दहा लाखांच्या वर गेली होती. ते शेतातही राबायचे आणि रोगीही बघायचे. मोठा दवाखाना नव्हता, पण माणूस गावात होता. आपल्या पाड्यावर आजही बाई अडली तर बाजेवर टाकून रस्त्यापर्यंत आणावी लागते. तिथून पुढं गाडी मिळाली तर मिळाली.

आता १९९१ च्या सुमाराचे आकडे ऐका. थोडेच सांगतो, पण लक्षात ठेवा. माणशी वर्षाचं उत्पन्न आपलं ३३० डॉलर, चीनचं ३७०. म्हणजे फरक फार नाही. पण हजार बाळं जन्मली तर वर्षाच्या आत आपल्याकडं ८० दगावत होती, चीनमध्ये ३१. सरासरी आयुष्य आपल्याकडं ५९ वर्षं, तिथं ६९. शंभर बायांमध्ये आपल्याकडं ३९ लिहिता-वाचता येणाऱ्या, तिथं ६८. पैसा जवळपास सारखा, जगणं मात्र इतकं वेगळं. म्हणून कुणी म्हणालं, "आधी कारखाने येऊ द्या, देश श्रीमंत होऊ द्या, मग तुमच्या जमिनीचं आणि शाळेचं बघू," तर त्याला हे आकडे सांगा. चीन आज झपाट्यानं पैसा कमावतोय. पण जमीन, शाळा आणि दवाखाना त्यानं पैसा यायच्या आधी दिला. पोट भरलेली, लिहिता येणारी माणसं आधी तयार झाली, कारखाने मागून आले.

इथपर्यंत काल रात्रीच्या पोराचं बरोबर. आता म्हातारीचं ऐकू.

दिलेली जमीन चीनच्या सरकारनं पाच-सहा वर्षांतच परत एकत्र करायला लावली. १९५८ साली मोठमोठे कम्यून केले. घरची चूल बंद, सगळ्यांनी एका भटारखान्यात जेवायचं. वरून हुकूम आला, पोलाद काढा. लोकांनी गावोगाव भट्ट्या लावल्या, त्यासाठी डोंगरच्या डोंगर बोडके केले, घरची भांडी वितळवली. निघालेलं बरंचसं लोखंड कुचकामी. शेतात राबायला माणसं कमी पडली. पीक किती आलं ते खरं सांगायची सोय नव्हती. प्रत्येक अधिकारी वरच्याला खूश करायला फुगवून आकडा सांगायचा. त्या खोट्या आकड्यावर सरकारनं गावातलं धान्य उचललं. संरक्षणमंत्री फंग तहुआई यांनी १९५९ साली माओला पत्र लिहून हे चुकतंय असं सांगितलं, तर त्यांनाच पदावरून काढलं. मंत्र्याची ही गत, तर खेडुताचं कोण ऐकणार? १९५९ ते १९६१ या तीन वर्षांत दीड ते तीन कोटी माणसं भुकेनं आणि भुकेतून आलेल्या रोगानं मेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. काही जण त्याहून जास्त सांगतात. त्याच काळात चीन बाहेरच्या देशांना धान्य विकतही होता.

आता आपलं १९७२ आठवा. इथं बसलेल्या निम्म्या माणसांनी तो दुष्काळ पाहिलाय. विहिरी आटल्या, जनावरं गेली, लाल मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले. हाल झाले, नाही म्हणत नाही. पण मोर्चे निघाले, घेराव झाले, वर्तमानपत्रांनी छापलं, विधानसभेत आरडाओरड झाली. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळपास पन्नास लाख माणसं दुष्काळी कामावर होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, खडी. चीनसारखी कोटींनी माणसं मेली नाहीत. त्यातूनच पुढं १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. हा कायदा कुणी दान दिला नाही. म्हातारी म्हणते ते हेच.

पण म्हणून आपण छाती फुगवायची का? नाही. अमर्त्य सेन आणि जाँ द्रेझ या दोन अर्थतज्ज्ञांनी एक हिशेब मांडलाय. चीनच्या त्या दुष्काळात जेवढी माणसं मेली, जवळपास तेवढी जास्तीची माणसं भारतात दर आठ वर्षांत मरत होती. दुष्काळ नसताना. कमी खाण्यानं, साध्या तापानं, हगवणीनं, बाळंतपणात. मोठा दुष्काळ पडला की आपला देश ओरडतो. रोजच्या भुकेवर ओरडत नाही, कारण ती मरणारी माणसं आपली असतात. मेळघाटात कोरकूंची लेकरं पिढ्यान्पिढ्या मरत होती. १९९३ साली बातम्या आल्या तेव्हा मुंबईला कळलं.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती अंगठ्याची आहे. चीनच्या आनह्वी प्रांतात शियाओकांग नावाचं छोटं गाव आहे. कम्यूनमध्ये राबूनही पोट भरत नव्हतं, माणसं भीक मागायला बाहेर पडायची. १९७८ साली तिथल्या अठरा घरांनी रात्री जमून एक चोरून करार केला. शेत आपापसांत वाटून कसायचं, सरकारचं देणं द्यायचं, उरलेलं ज्याचं त्यानं घ्यायचं. कुणी पकडला गेला तर त्याची लेकरं बाकीच्यांनी वाढवायची. खाली अंगठे उमटवले. पुढच्या हंगामात पीक भरघोस आलं. पुढं सरकारनंच ती पद्धत देशभर नेली. मालकी गावाची, कसणं कुटुंबाचं, विक्री बंद. लक्षात घ्या, चीनची आजची बरकत वरच्या दांड्यातून सुरू झाली नाही. दांड्याला न भिता अठरा घरांनी अंगठे दिले, तिथून वाट फुटली.

धरणांचंही तसंच. चीननं १९९४ साली यांगत्से नदीवर जगातलं सगळ्यात मोठं धरण बांधायला घेतलं. दहा लाखांच्या वर माणसं उठवली गेली. ताय छिंग या पत्रकार बाईंनी त्याविरुद्ध १९८९ साली पुस्तक काढलं, तर पुस्तकावर बंदी आणि बाई तुरुंगात. आपल्याकडं येलदरी बांधलं तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदासुद्धा नव्हता, तो १९७६ साली झाला. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या अक्राणी-अक्कलकुव्याच्या आदिवासींनी नर्मदेवर बसून १९९३ साली जागतिक बँकेचं कर्ज थांबवलं आणि सरदार सरोवराचं काम कोर्टानं १९९५ साली अडवून धरलं होतं. पुढं काय होईल ते तेव्हा सांगता येत नव्हतं. पण बोलायची जागा आहे, ती आपण सोडायची नाही.

कुणी विचारील, तोंडही आणि जमीनही, दोन्ही एका ठिकाणी कुठं मिळालंय का? बऱ्याच अंशी केरळात. तिथं निवडणुका, संघटना, संप सगळं आहे आणि कुळांना १९७० पासून जमिनी मिळाल्या. १९९१ च्या सुमारास केरळचं आयुर्मान चीनच्या तोडीचं होतं आणि बालमृत्यू चीनपेक्षा कमी होते. दांडा न वापरता. पण तिथंही आदिवासी मागं राहिला. त्याची जमीन परत द्यायचा कायदा १९७५ साली झाला आणि वीस वर्षं झाली तरी नुसता कागदावरच होता. कारण केरळचा कूळ संघटित होता, डोंगरातला आदिवासी थोडा होता आणि विखुरलेला होता. ज्याचं तोंड लहान त्याची जमीनही राहून गेली.

तर आमचं म्हणणं एवढंच आहे. चीननं जमीन दिली, तोंड बांधलं, आणि तीन वर्षांत कोटींनी माणसं गेली. आपल्या देशानं तोंड मोकळं ठेवलं, जमीन दिली नाही, आणि माणसं रोज थोडी थोडी जातात. आपल्याला दोन्ही पाहिजे. एक घे आणि दुसरं सोड, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, मग तो सरकारचा माणूस असो की आपल्यातला.

परत गेल्यावर प्रत्येक गावानं तीन कामं करावीत.

एक, वहितीची यादी. गायरानावरची १४ एप्रिल १९९० च्या आधीची दलित-आदिवासींची वहिती नियमित करायचा निर्णय सरकारनंच १९९१ साली काढलाय. जंगलजमिनीवरची वहिती नियमित करायला १९८० च्या वन कायद्यानंतर दिल्लीची मंजुरी लागायची. म्हणून पुरावा जपा. वनखात्याच्या दंडाच्या पावत्या, पंचनामे, जुनी बांधबंदिस्ती, म्हाताऱ्यांचे जबाब. दंडाची पावती फाडून टाकू नका. त्यावर तुमचं नाव आणि साल असतं, तीच उद्या तुमची साक्ष.

दोन, पट्टा मागताना नवरा-बायको दोघांच्या नावानं मागा. खडी दोघांनी फोडली, रान दोघांनी साफ केलं.

तीन, गावात गेल्या वर्षभरात किती लेकरं जन्मली, किती दगावली आणि कशानं, ते वहीत लिहा. शाळेत जाणारी पोर ते लिहील. कम्यूनचे आकडे खोटे होते म्हणून माणसं मेली. आपले आकडे खरे असू द्या, आणि ते ग्रामसभेत मोठ्यानं वाचा.

काल वाद घालणाऱ्या पोरावर आम्ही वही लिहायचं काम टाकलंय. म्हातारी नावं सांगणार आहे, तिला सगळ्या घरांची माहिती आहे. पुढच्या बैठकीला दोघांनी मिळून यायचं आहे.